आप्पांचा स्लॅब

इंजिनियरचा कागद पिराजीनं सकाळपासून तीनदा वाचला होता. चौथ्यांदा तो आईला वाचून दाखवायला बसला, तेव्हा आक्काताई म्हणाली, "दवाखान्यातल्या कागदागत हाय त्यो. शेवटच्या ओळीत काय लिव्हलंय तेवढं सांग."

"येत्या पावसाळ्यात या घरात राहू नये."

"मग सरळ तसं सांग की."

राधानगरी रस्त्यापासून आत, भोगावतीच्या वळणावर कुरण्यांचं हे घर होतं. दोन खोल्या, पुढं सोपा, वर स्लॅब. पिराजीच्या वडिलांनी, गणपती कुरण्यांनी, एक्क्याण्णव साली बांधलेलं. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणत. वस्तीतला तो पहिला स्लॅब. आप्पा जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि त्यांच्यामागं या घरात दोनदा महापूर शिरला. पहिल्या वेळी पाणी छातीला लागलं, दुसऱ्या वेळी कमरेला. नदीकडचा कोपरा खचला आणि तिथल्या भिंतीत तिरकी चीर गेली. त्या चिरेत आता पिराजीची करंगळी मावत होती.

पिराजी तीस वर्षं एस.टी.चा ड्रायव्हर. मागल्या वर्षीच निवृत्त झालेला. पहिला पूर आला त्या दिवशी तो गाडी घेऊन कोल्हापूरच्या स्टँडवर अडकला होता. इकडं आई, बायको बनाबाई आणि शेजारपाजारची अकरा माणसं याच स्लॅबवर दोन दिवस पावसात बसून होती. बनाबाईनं भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो आधी वर नेला, मग पिठाचा डबा. फोनची बॅटरी संपेपर्यंत ती नवऱ्याला एवढंच सांगत राहिली, "आमी हाय. तुमी येऊ नगा." ते 'येऊ नगा' पिराजीच्या कानातून अजून गेलं नव्हतं. म्हणून त्यानं एका ठेकेदाराकडून नकाशा करून आणला होता. जुनं घर पाडून दोन मजले आणि हत्तीच्या पायासारखे कॉलम. प्रसेनजीतचं, त्याच्या मुलाचं, लग्न ठरलं होतं. त्याला वरची खोली.

एप्रिलातला रविवार होता. अडचण एकच होती. प्रीती यायची होती.

प्रीती त्याची धाकटी बहीण, आर्किटेक्ट. माती, बांबू, चुना आणि जुनं सामान वापरून घरं बांधणारी. दहाच्या सुमाराला तिची गाडी आली. तिच्याबरोबर निसार उतरला. अठरा वर्षं तिच्या प्रत्येक साईटवर असणारा गारगोटीचा गवंडी. प्रीतीच्या काखेत नकाशांची गुंडाळी होती, ती बघूनच पिराजीचा चेहरा आक्रसला.

"जय भीम, दादा."

"जय भीम. चहा घे. मग भांडू."

चहा झाला आणि भांडण सुरू झालं. प्रीतीनं सोप्यात जमिनीवर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार कपबश्या ठेवल्या.

"जुनं घर काढायचं. खाली काळ्या दगडाचं सहा फूट उंच जोतं. वर भिंती दाबलेल्या मातीच्या विटांच्या. माती हितलीच, मशिनमध्ये दाबायची, थोडं सिमेंट मिसळायचं. भट्टी न्हाय, धूर न्हाय. उन्हाळ्यात पंखा लागणार न्हाय."

"माती?" पिराजी म्हणाला. "नदीकाठाला? प्रीते, तू एवढं शिकलीस, आणि शिकून आमाला परत चिखलात घालणार?"

"दादा, कॉलम जाड केले म्हणून नदी घाबरत न्हाय. पाणी वर यायचंय ते येणारच. त्याला वाट द्यायची आणि आपण उंच बसायचं."

"पिराजीदादा," निसार म्हणाला, "माझ्या आईचं घर ह्याच विटांचं हाय. अठरा पावसाळे काढले त्यानं."

"तुझ्या आईचं घर नदीत न्हाय, निसार."

दारात उभा राहून प्रसेनजीत हे सगळं ऐकत होता. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तो फाउंड्रीत सुपरवायझर होता. लहानपणी त्याला ही आत्ती म्हणजे नुसती कौतुकाची पाहुणी वाटायची. कधीमधी येणारी, जीन्सला माती लागलेली, भिंतींना हात लावत बोलणारी. ती नेमकी कोण आहे, हे त्याला कारखान्यातल्या परक्या माणसांनी सांगितलं. फाउंड्रीतले कामगार आधी पत्र्याच्या खोल्यांत राहत. एप्रिलात त्या खोल्यांत झोप येत नसे आणि दुपारपाळीला माणसं भट्टीपुढं झेलकांडत. मग कंपनीनं चोवीस खोल्यांची नवी चाळ बांधली. जाड भिंती, दुहेरी छपरं, समोरासमोर खिडक्या. त्या चाळीतल्या खोलीसाठी आता माणसं भांडत. एकदा एका ओडिया कामगारानं त्याला विचारलं होतं, "साहेब, ती मॅडम तुमच्या गावची का? ती आमच्याबरोबर पत्र्याखाली एक रात्र झोपली, मग नकाशा काढला."

त्या दिवशी घरी येऊन प्रसेनजीतनं आत्तीबद्दल मिळेल ते वाचून काढलं. कॉलेज संपल्यावर तिनं कोल्हापुरात दोन वर्षं बंगल्यांचे नकाशे काढले, आणि एका बंगल्यात चार माणसांसाठी सात संडास काढायची वेळ आली तेव्हा नोकरी सोडली. पहिलं मातीचं घर करून घ्यायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा निसारची आई पुढं आली. राधानगरीच्या जंगलालगत तिनं बांबूची शाळा बांधली. पहिल्या पुरानंतर तिच्या हातून सत्तावीस घरं उभी राहिली, आणि दुसऱ्या पुरात त्यांपैकी एकाही घराच्या उंबऱ्याच्या आत पाणी आलं नाही.

"पप्पा," तो म्हणाला, "मला आत्तीचं पटतंय."

पिराजीनं मान वळवली. "तुझ्यासाठी वरची खोली बांधतोय मी."

"म्हणूनच बोलतोय. मला त्या खोलीत भाजून निघायचं न्हाय."

बनाबाईनं हळूच पदर तोंडाला लावला. तिलाही नवऱ्याचे हत्तीचे पाय नको होते. त्यात तिचं स्वयंपाकघर चारी बाजूंनी अंधारात जात होतं. पण हे ती गेले दोन महिने बोलली नव्हती. आता बोलली. "पोरगं बरोबर बोलतंय. वन्संच्या नकाशात माज्या चुलीला खिडकी तर हाय."

घरातली पारडी अशी फिरताना पिराजीनं शेवटचा आधार शोधला. "आई, तू सांग. घर तुझ्या नावावर हाय."

आक्काताई भिंतीला टेकून बसली होती. वय चौऱ्याहत्तर, आवाज अजून शेतापलीकडं जाणारा. तिनं नकाशाकडं पाहिलंही नाही.

"मातीच्या घरात मी जाणार न्हाय."

प्रीती समजुतीनं हसली. हे उत्तर तिला सवयीचं होतं. शेकडो लोकांना तिनं ते बदलायला लावलं होतं. "आई, ही माती पहिल्यासारखी न्हाय. ह्या विटेची ताकद..."

"ताकदीचं कोण बोलतंय?" आक्काताई म्हणाली. "तुज्या घरांची ताकद मला म्हाईत हाय. लोक सांगत्यात. अठरा वर्सं झाली, तुज्या एका तरी घरात मी पाय ठेवला का? कंदी इचारलंस, का न्हाय आली म्हणून?"

प्रीतीचं हसू गेलं. तिला वाटत होतं, आईला प्रवास सोसत नाही.

"ह्या पोरानं मला फोनवर तुजं भाषण दावलं हुतं," आक्काताईनं प्रसेनजीतकडं बोट केलं. "पुण्यात तुला शाल दिली तवाचं. तू म्हनालीस, माती मी माज्या आईकडनं शिकले. टाळ्या पडल्या. तुला म्हाईत हाय का, तुजी आई ती माती कुठं शिकली?"

आक्काताईनं स्वतःचे तळवे समोर धरले.

"मळ्यातल्या मोठ्या घरच्या भिंती लिंपायला आमाला बोलवायचे. मी आन् माजी आई. दिवाळीच्या आदी. माती, शेण, भुसा पायानं मळायचा, हातानं भिंतीला लावायचा. पार आतल्या खोलीपातूर. भिंत वली असंस्तवर आमी आत. वाळली की उंबऱ्याच्या भाईर. मग आमच्या मागनं त्या घरची बाई पानी शिपडत यायची, घर शुद्ध कराया. मी धा वर्सांची हुते. माज्या हातानं गुळगुळीत केलेल्या भिंतीला मला पुन्यांदा हात लावता येत नव्हता." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तुजा बाप अठरा वर्सं कोल्हापुरात लोकांच्या स्लॅबावर घमेली वाहत हुता. कशापायी? बायकोला मातीतनं भाईर काढायची म्हणून. आन् तू माजी लाज उचलून स्टेजवर मांडलीस. चांगलं वाटलं आसंल लोकांना. मला इचारलं हुतंस का?"

प्रीतीनं नकाशावरच्या कपबश्या एकेक करून उचलल्या. कागद आपोआप गुंडाळला गेला.

"न्हाय," ती म्हणाली. "न्हाय इचारलं, आई. चुकलं माझं."

ती उठली आणि लोखंडी शिडीनं वर गेली.

स्लॅब तापला होता. ती कठड्याच्या तुकडाभर सावलीत बसली. हा स्लॅब पडला तेव्हा ती दहा वर्षांची होती. सगळी वस्ती घमेली वाहत होती, आणि संध्याकाळी आप्पांनी तिला सांगितलं होतं, "आता ह्याला जपायचं काम तुझं." स्लॅबवर मातीचे छोटे बांध घालून तिनं चौकोनी आळी केली, त्यांत पाणी भरलं, आणि एकवीस दिवस शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर बघितलं की आळं सुकलं तर नाही. तिच्या आयुष्यातलं ते पहिलं बांधकाम. भाषणात हे सांगायचं तिला कधी सुचलं नव्हतं. सिमेंटची आठवण तिच्या गोष्टीत बसत नव्हती.

शिडी वाजली. निसार वर आला आणि शेजारी टेकला.

"निसार, माझ्या नकाशाच्या खाली कामांची यादी हाय. त्यातलं पहिलं काम काय?"

"जुनं बांधकाम पाडणे."

"आणि मी कॉलेजातल्या पोरांना पहिल्या तासाला काय शिकवते?"

निसारनं दाढी खाजवली. "उभं हाय ते आधी वाचवा."

"मला दिसत हुतं रे. हे घर आल्या आल्या तपासायला पायजे हुतं. पण मला माझं घर हितं बांधायचं हुतं. माझ्या गावात, माझ्या वस्तीत. सगळ्यांनी बघावं म्हणून." ती उठली. "हातोडी आण गाडीतली."

पुढचा तासभर खाली बसलेल्या माणसांना वरून टकटक ऐकू येत राहिली. दोघांनी हातभर अंतरावर ठोकत सगळा स्लॅब तपासला, मग खाली येऊन भिंती तपासल्या. पोकळ आवाज फक्त नदीकडच्या कोपऱ्यात येत होता. बाकी सगळीकडं खणखणीत. आप्पांनी सिमेंटाच्या मालात चोरी केली नव्हती. प्रीतीनं अहवाल लिहिणाऱ्या इंजिनियरला फोन लावला. "तुम्ही राहू नका म्हणालाय. पाडा असं कुठं म्हणालाय का? दोष पायात हाय. पाया नवा केला तर?" बराच वेळ ती ऐकत राहिली, मधेच दोनदा "व्हय" म्हणाली आणि फोन ठेवून सोप्यात आली.

"घर पाडायचं न्हाय."

"मग?" पिराजी म्हणाला.

"उचलायचं. आहे असं, स्लॅबसकट. साडेपाच फूट वर."

बनाबाईला हसू आवरलं नाही. "वन्सं, घर हाय का घमेलं?"

"वहिनी, खरंच उचलतात. भिंतीखाली थोडं थोडं खणायचं, विटा काढायच्या, तिथं जॅक बसवायचे. शंभरावर जॅक. सगळे एकदम फिरवायचे, बोट बोट वर न्यायचं. खालून नवं जोतं बांधत यायचं. त्यात झरोके ठेवायचे म्हणजे पुराचं पाणी खालनं निघून जाईल."

पिराजीनं जी शंका काढली ती त्या घरात फक्त त्यालाच सुचू शकत होती. "गाडीचं एक चाक उचललं आणि बाकीची खाली ऱ्हायली, तर चेसीला पीळ बसतो. हितं भिंतीला बसंल."

प्रीती त्याच्यासमोर मांडी घालून बसली. "बरोबर तेच. म्हणून इशारा देणारा माणूस एकच लागतो. बाकीच्यांनी फक्त त्याचं ऐकायचं. दादा, आयुष्यभर तू जॅक लावलेस. मला तू हवाईस तिथं."

पिराजीनं ठेकेदाराचा कागद घडी घालून खिशात ठेवला. तो हो म्हणाला नाही. "जॅक किती टनाचे?" एवढंच म्हणाला.

आक्काताई अजून भिंतीलाच टेकून होती. "आन् प्रसेनजीतची खोली?"

"मागल्या अंगाला, तेवढ्याच उंचीवर. तू म्हणशील त्या विटेची."

"भाजकी?"

"भाजकी म्हणशील तर भाजकी."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं मातीची करावी. पण माझं वाटणं माझ्यापाशी. भिंत तुझ्या घराची हाय."

म्हातारीनं लेकीकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. चाळिशी पार केलेली बाई, कपाळाला स्लॅबची धूळ. "निसारच्या आईचं घर दाव मला," ती म्हणाली. "भाईरनं न्हाय. आतनं."

दुपारची जेवणं उरकून सगळे गारगोटीला गेले. निसारच्या आईचं, रोशनबीचं, घर बाजाराच्या मागं होतं. बाहेर चाळीस डिग्री ऊन, आणि आत शिरताच बनाबाईनं डोक्यावरचा पदर सैल सोडला. आक्काताई मात्र ओटीवरच थांबली. रोशनबी तिच्याच वयाची, कंबरेत वाकलेली. तिनं पाहुणीचा हात धरला.

"भायेर का थांबला? मधल्या खोलीत चला. मी दुपारी थितंच निजते, लई गार हाय."

मधल्या खोलीत भिंती तांबूस, बिनरंगाच्या होत्या. आक्काताईनं एका भिंतीवर तळवा ठेवला. वरून खाली फिरवला, पुन्हा वर नेला. प्रीती दारात उभी होती. तिला बोलावंसं वाटलं आणि ती बोलली नाही. अठरा वर्षांत हेच सगळ्यात अवघड काम होतं.

"भित तुमच्या लेकीनं सोता हात लावून बांधली," रोशनबी म्हणाली. "लोक मला हसत हुते. म्हणायचे, रोशनबीनं घर न्हाय, वारूळ केलं. आता उन्हाळ्यात तेच येऊन बसत्यात हितं. उठत न्हाईत."

आक्काताई भिंतीला पाठ लावून खाली बसली. "मी बी बसते वाईच," ती म्हणाली. ती दिवे लागेपर्यंत उठली नाही. दोघी काय बोलत होत्या ते कुणाला कळलं नाही, पण मधेच एकदा आक्काताईचं मोठं हसू बाहेर ओटीवर ऐकू आलं.

परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "विटंत भुसा घालत न्हाईस व्हय? घालून बघ वाईच."

"दाखवशील?"

"बघू."

मे महिन्यात घरं उचलण्यात तरबेज अशी उत्तरेकडची एक टोळी आली. भिंतींखाली एकशे तीस जॅक बसले. कुरण्यांनी शेजारच्या समाजमंदिरात बिऱ्हाड हलवलं. पिराजी खाकी शर्ट चढवून, गळ्यात शिट्टी अडकवून रोज सहाला हजर. शिट्टी वाजली की शंभर हात एकदम पाव फेरा फिरवायचे. पुन्हा शिट्टी, सगळे थांबायचे. प्रीती पाण्याची नळी घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात पातळी तपासायची. एका कोपऱ्यात सुतभर फरक दिसला तरी ती हात वर करायची, आणि तिचा हात वर गेला की पिराजी सगळं काम थांबवायचा, का म्हणून विचारायचाही नाही. सातव्या दिवशी जुन्या चिरेशेजारी बारीक रेघ उमटली. टोळीचा मुकादम म्हणाला, चालतंय. प्रीती म्हणाली, चालत नाही. दोन दिवस काम बंद ठेवून तिनं निसारकडून तो कोपरा लोखंडी पट्ट्यांनी आवळून घेतला.

"तुझी ही बहीण लई कडक हाय," मुकादमानं पिराजीला मोडक्या मराठीत ऐकवलं.

"घरातली थोरली तीच हाय," पिराजी म्हणाला. "जन्माला तेवढा मी आधी आलो."

हे प्रीतीच्या मागं बोललेलं वाक्य प्रसेनजीतनं ऐकलं आणि आत्तीला जाऊन सांगितलं. तिनं नळीतल्या पाण्याकडं बघण्याचं निमित्त करून मान खाली घातली.

वस्तीतली माणसं रोज बघायला येत. आधी गंमत म्हणून, मग प्रश्न घेऊन. "आमचं बी उचलंल का?" "आमचं पत्र्याचं हाय, त्याला काय?" प्रीती काम थांबल्यावर त्यांच्याबरोबर घराघरांत जायची. आता ती आधी नकाशा काढत नव्हती. खाली बसायची आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारायची, "तुला काय पायजे?"

एकोणिसाव्या दिवशी शेवटची शिट्टी वाजली. घर साडेपाच फुटांवर थांबलं. स्लॅबला एकही नवी चीर नव्हती. सिमेंटच्या पायऱ्या अजून व्हायच्या होत्या, म्हणून निसारनं फळ्यांचा उतार लावला. आक्काताईला पिराजीनं एका हाताला धरलं, प्रीतीनं दुसऱ्या. अर्ध्यावर तिनं दोघांचेही हात सोडवले आणि एकटी चढली.

दारात पोचल्यावर ती घरात शिरण्याआधी मागं वळली. समोर ऊस, उसापलीकडं भोगावतीचं अख्खं वळण उन्हात चमकत होतं. इतकी वर्षं खालून त्या जागी फक्त ऊस दिसायचा.

"हितनं नदी दिसती व्हय गं?"

"दिसती की, आई."

"आजवर तीच आपल्या घरात येऊन बघून जायची." आक्काताई उंबऱ्यावर बसली आणि पदरानं घाम पुसला. "बस हितं. आता आपुन बघू तिला."